आधी अंगाला बसले पाहिजे : ठोके मोजणाऱ्या साधनांविषयी वाचकांचे प्रश्न

व्यायामाचा जोर हृदयाच्या ठोक्यांवरून कसा ओळखावा, याविषयी मागच्या अंकात या सदरात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : ठोके मोजणारे घड्याळ किंवा पट्टा घेतला, पण त्यावरच्या आकड्यांवर विश्वास बसत नाही. पत्रांत किंमत, बॅटरी आणि पडदा यांविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. ते साधन अंगावर नेमके कुठे बांधले जाते, किती घट्ट बसते आणि हालचालीत सरकते का, याविषयी मात्र क्वचितच एखादी ओळ सापडते. व्यायामवर्गात रोज शे-दीडशे मनगटे आणि छातीचे पट्टे पाहणाऱ्या माझ्यासारखीला चुकीच्या आकड्याचे पहिले कारण जवळजवळ नेहमी तिथेच सापडते. म्हणून या वेळी साधनाच्या बसण्याशी संबंध असलेली सहा पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४२ आहे. मी रोज पाऊण तास भरभर चालते आणि आठवड्यातून तीनदा सूर्यनमस्कार घालते. यजमानांनी मोठ्या डायलचे घड्याळ भेट दिले. चालताना ते ११० ते १२० ठोके दाखवते. सूर्यनमस्कारात मात्र दम लागलेला असताना मध्येच ७८ दाखवते, कधी नुसत्या रेघा येतात. माझे मनगट बारीक आहे आणि दोन्ही हातांत बांगड्या असतात. मैत्रीण म्हणते, छातीचा पट्टा घे. घ्यावा का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही मनगट बारीक असल्याचे आणि डायल मोठी असल्याचे आवर्जून लिहिलेत, त्यामुळे निम्मे उत्तर तुमच्या पत्रातच मिळाले. घड्याळाच्या पाठीवर जे हिरवे दिवे लुकलुकतात, त्यांचा उजेड कातडीत शिरतो. प्रत्येक ठोक्यासरशी कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते, रक्त हिरवा उजेड शोषून घेते आणि परत येणारा उजेड क्षणभर कमी होतो. हा चढउतार टिपून घड्याळ ठोके मोजते. दिवे आणि कातडी यांच्यामध्ये फट राहिली, बाहेरचा उजेड आत शिरला किंवा घड्याळ कातडीवर घासू लागले, तर या बारीक चढउतारात इतर हालचालींची भेसळ होते. बारीक मनगटावर मोठी डायल दोन्ही बाजूंच्या हाडांवर टेकते आणि मध्ये, नेमकी दिव्यांच्या खाली, पोकळी राहते.

ही पोकळी डोळ्यांनी पाहता येते. संध्याकाळी खोलीतला दिवा मालवा, घड्याळात व्यायामाची नोंद सुरू करा, हात डोळ्यांसमोर आडवा धरा आणि पंजा सावकाश मागे वळवा. डायलच्या कडेखालून हिरवा उजेड झिरपताना दिसला, तर सूर्यनमस्कारात काय होते ते तुमच्या लक्षात येईल. पर्वतासनात आणि भुजंगासनात तळवा जमिनीवर आणि मनगट पूर्ण मागे वळलेले असते. पंजाची पाठ डायलला खालून ढकलते आणि घड्याळ एका बाजूने उचलले जाते. शिवाय शरीराचा भार मनगटावर आल्याने तिथले रक्ताभिसरणही बदलते. दम लागलेला असताना दिसणारा ७८ हा आकडा तुमच्या हृदयाचा नाही, त्याची काळजी करू नका.

घड्याळ बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहा. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला जे हाड वर आलेले दिसते, त्याच्यापासून कोपराच्या दिशेने दोन बोटे सोडून घड्याळ बांधा. तिथे मांस थोडे अधिक असते आणि पंजा वळला तरी डायल उचलली जात नाही. पट्टा इतका घट्ट हवा की घड्याळ बोटाने ढकलल्यावर त्याच्याबरोबर कातडीही हलावी, पण घड्याळ कातडीवरून घसरू नये. व्यायाम संपल्यावर पट्टा एक भोक सैल करावा. रबरी पट्ट्याची एक अडचण बारीक मनगटांना फार जाणवते : एका भोकात तो सैल पडतो आणि पुढच्या भोकात आवळतो. अशा वेळी वेल्क्रोच्या चिकटपट्टीने हवा तेवढा घट्ट करता येणारा नायलॉनचा विणलेला पट्टा घ्यावा; तो स्वस्त असतो आणि कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते. बांगड्या उतरवा असे मी सांगणार नाही. मात्र चालताना हात हलला की त्या घरंगळत येऊन घड्याळावर आपटतात आणि प्रत्येक पावलाचा धक्का दिव्यांपर्यंत पोहोचतो. व्यायामापुरती त्यांच्यावर सुती मनगटपट्टी चढवली की हा त्रास थांबतो.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याविषयी. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संदेश टिपतो, म्हणजे ईसीजीच्याच तत्त्वावर चालतो, आणि नीट बसला तर मनगटी घड्याळापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. तरीही तुम्हाला मी तो प्रथम सुचवणार नाही. अष्टांगासनात छाती जमिनीला टेकते आणि पट्ट्याच्या मधोमध बसवलेले यंत्र थेट उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, रुतते. माझ्या वर्गातील कितीतरी जणींनी महागडा पट्टा घेतला आणि आठ दिवसांत तो कपाटात ठेवून दिला, त्याचे कारण हेच. तुमच्यासाठी दंडावर किंवा कोपराच्या खाली बांधायचा पट्टा योग्य राहील. तोही उजेडावरच चालतो, पण दंडाला मांस भरपूर असते, हाडे लागत नाहीत आणि तो भाग मनगटासारखा वळत नाही. त्यामुळे आकडा बराच स्थिर येतो. तो कुर्त्याच्या बाहीवर न बांधता थेट कातडीवर बांधावा आणि हाताला मुंग्या आल्या तर लगेच सैल करावा. घेण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्याच्या वेष्टनावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा.

पुढेमागे धावायला लागलात आणि छातीचा पट्टा घ्यावासा वाटला, तर मापाची काळजी दुप्पट घ्या. स्तनांच्या लगेच खाली, जिथे स्पोर्ट्स ब्राची खालची पट्टी बसते तिथे, छातीचा घेर दोनदा मोजा : एकदा श्वास पूर्ण भरून आणि एकदा पूर्ण सोडून. पट्टा घालून पाहताना त्याची कडी लांबीच्या साधारण मध्यावर आली पाहिजे. कडी पहिल्या दिवशीच शेवटच्या टोकाला गेली, तर सहा महिन्यांनी इलॅस्टिक सैल पडल्यावर आवळायला जागा उरत नाही. ब्रा आणि पट्टा एकमेकांवर चढता कामा नयेत. पट्टा ब्राच्या पट्टीच्या लगेच खाली बसावा किंवा पूर्णपणे तिच्या आत. अर्धा आत आणि अर्धा बाहेर राहिला तर तो धावताना गुंडाळला जातो. घालून झाल्यावर दोन्ही हात डोक्यावर न्या, कमरेतून वाका, डावीउजवीकडे वळा आणि पाच खोल श्वास घ्या. एवढ्यात पट्टा जागचा हलला, तर तो तुमच्या मापाचा नाही.

अनेक वर्षांपूर्वी एका दुकानदाराने ‘फ्री साइज आहे, सगळ्यांना होतो’ असे सांगून मला पट्टा दिला होता. तेव्हा माझा छातीचा घेर त्या पट्ट्याच्या सर्वात लहान मापापेक्षाही कमी होता. कडी टोकापर्यंत ओढूनही पट्ट्याची कडक प्लॅस्टिकची पट्टी बरगड्यांच्या वळणावर दोन्ही बाजूंनी उचललेली राहायची आणि दर दोन-चार मिनिटांनी आकडा नाहीसा व्हायचा. आपलेच काहीतरी चुकते आहे असे समजून मी वर्षभर त्याच्याशी झटत राहिले. सडपातळ बांध्याच्या वाचकांनी कापडी, लवचीक पट्टा आणि त्यातही लहान माप मागून घ्यावे, आणि दुकानात घालून पाहू दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून पहाटे सायकल चालवतो. छातीचा पट्टा वापरतो. थंडीच्या दिवसांत पहिली दहा-पंधरा मिनिटे तो २०० ते २२० ठोके दाखवतो आणि नंतर आपोआप १३० वर येतो. घाबरून मी दोनदा अर्ध्या वाटेतून परत आलो. पट्टा बिघडला आहे की माझे हृदय? — एक सायकलपटू, अमरावती

उत्तर : दोनदा परत आलात, ते योग्यच केलेत. असा आकडा दिसताना छातीत धडधड, दुखणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवत असेल, तर दोष पट्ट्याला न देता डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्यावा. यांपैकी काहीही जाणवत नसेल, तर पुढच्या वेळी २१० दिसताच सायकल कडेला लावा, एका हाताची दोन बोटे दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर ठेवा, पंधरा सेकंद नाडी मोजा आणि तिला चारने गुणा. थांबल्यावर ठोके भराभर उतरतात, म्हणून मोजायला उशीर करू नका. बोटांनी मोजलेला आकडा ११० ते १२० च्या आसपास आला आणि पट्टा अजून दोनशेच्या वर असेल, तर चूक पट्ट्याची आहे.

तुमच्या वर्णनावरून मला तीच शक्यता अधिक वाटते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन पट्ट्या असतात, त्या कातडीवरचा अतिशय क्षीण विद्युत संदेश टिपतात. हा संदेश पोहोचायला कातडी आणि पट्टी यांच्यामध्ये ओलावा लागतो, आणि उन्हाळ्यात तो घामाने आपोआप मिळतो. विदर्भातील हिवाळ्याच्या पहाटे हवा कोरडी असते, अंगाला घाम नसतो, आणि कृत्रिम धाग्याची सैल जर्सी वाऱ्याने छातीवर फडफडत राहून स्थिर विद्युत निर्माण करते. स्वेटर काढताना जी चटचट ऐकू येते, तोच प्रकार पट्ट्याच्या शेजारी सतत चालू असतो आणि यंत्र त्यालाही ठोके समजते. पंधरा मिनिटांनी घाम आला की ओलावा होतो आणि खरा आकडा दिसू लागतो. थंडी ओसरल्यावर हा त्रास नाहीसा होतो का, तेही पाहून ठेवा.

उपाय सोपे आहेत. घालण्याआधी पट्ट्याच्या आतल्या दोन्ही पट्ट्या नळाच्या पाण्याने नीट ओल्या करा. नुसता ओला हात फिरवून भागणार नाही. पहिला अर्धा तास कोरडाच जात असेल, तर ईसीजी काढताना लावतात ते जेल दोन्ही बाजूंना थेंबभर लावा. ते दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत पसरू देऊ नका, कारण मग दोन्ही बाजूंचे संदेश एकमेकांत मिसळतात. जर्सी अंगाला घट्ट बसणारी घ्या किंवा आत सुती बनियन घाला. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, उरोस्थीच्या खालच्या टोकाशी आला पाहिजे. सायकलवर आपण पुढे वाकलेले असतो, म्हणून तो उभ्याने तपासून न थांबता सायकलवर बसून, हँडल धरूनही तपासा. उभ्याने घट्ट वाटणारा पट्टा वाकल्यावर पोटाकडच्या कडेने सुटतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

थंडीचा आणि या साधनाचा संबंध तसा जुना आहे. १९७७ साली फिनलंडमध्ये स्थापन झालेल्या पोलार या कंपनीने १९८२ मध्ये खेळाडूंसाठी अंगावर घालून वापरायचे पहिले बिनतारी ठोके-मापक बाजारात आणले. बर्फावर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाची गरज त्यामागे होती. थंडीत मनगटाच्या कातडीकडे येणारे रक्त कमी होते, त्यामुळे उजेडावर चालणारी घड्याळे अशा हवेत अधिक चुकतात. म्हणून पहाटेच्या सायकलिंगसाठी तुम्ही पट्टा सोडून घड्याळाकडे वळू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतो आहे. वय ३५. मनगटी घड्याळ सपाटीवर अगदी हलक्या धावण्यातही सलग १६८ दाखवते, आणि घाटाच्या चढावर जीव मेटाकुटीला आला असताना १५० दाखवते. हे उलटे कसे? — एक धावपटू, पुणे

उत्तर : घड्याळ तुमचे हृदय नव्हे, तर तुमची पावले मोजते आहे. हलक्या धावण्यात बहुतेकांची दोन्ही पायांची मिळून मिनिटाला १६० ते १७५ पावले पडतात. प्रत्येक पावलाला मनगटाला हिसका बसतो आणि सैल बसलेल्या घड्याळाखालचा उजेड त्याच तालात कमीजास्त होतो. रक्ताचा नाजूक चढउतार या मोठ्या चढउतारात बुडून जातो आणि यंत्र पावलांचा ताल धरून बसते. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या चढावर पावले मंदावतात, म्हणून आकडाही उतरतो, हृदय कितीही धडधडत असले तरी.

खात्री करून घ्यायची असेल तर अर्धा मिनिट पावले मोजा, दुप्पट करा आणि घड्याळाशी ताडून पाहा. दुसरी खूण म्हणजे धावता धावता एकदम उभे राहा : खरे ठोके मिनिटभरात पायरीपायरीने उतरतात, तर पावलांवर अडकलेला आकडा एका झेपेत साठ-सत्तरने खाली कोसळतो किंवा काही काळ भलताच काहीतरी दाखवतो. वर ठाण्याच्या वाचकांना सांगितलेली जागा आणि घट्टपणा तुम्हीही करून पाहा. तेवढ्याने पुष्कळांचा प्रश्न सुटतो, पण घाटात धावणाऱ्यांचा नेहमीच सुटतो असे नाही. शर्यत पावसाळ्यात असते. घड्याळाखाली पाणी शिरते, हात गार पडतात, आणि रेनकोटच्या बाहीचे इलॅस्टिक घड्याळाला ढकलत राहते. शिवाय उजेडावर चालणारी घड्याळे कित्येक सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतात, त्यामुळे छोट्या छोट्या वेगवान टप्प्यांत ती मागे पडतात.

तुमच्यासाठी मी निःसंकोचपणे छातीचा पट्टा सुचवेन, आणि तो आहे त्याच घड्याळाला जोडून वापरावा. घेण्याआधी घड्याळ ब्लूटूथने जोडले जाते की अँट प्लस या व्यायामसाधनांच्या दुसऱ्या बिनतारी जोडणीने, हे पाहून घ्या. अनेक पट्टे दोन्ही प्रकारे जोडता येतात, पण दोहोंपैकी एकच चालणारा पट्टा चुकून घेतला तर तो तुमच्या घड्याळाला दिसणारही नाही. पट्टा अंगावर असताना घड्याळाच्या पडद्यावर आकडा पट्ट्याकडूनच येतो आहे ना, हेही एकदा तपासा. जोडणी मध्येच तुटली तर काही घड्याळे गुपचूप मनगटावरच्या दिव्यांकडे वळतात आणि पुन्हा पावले मोजू लागतात.

आणखी एक गोष्ट, कारण तुम्ही घड्याळाच्या ‘झोन’वर, म्हणजे कमाल ठोक्यांच्या प्रमाणात पाडलेल्या टप्प्यांवर, भरवसा ठेवून सराव करत असाल. बहुतेक घड्याळे २२० मधून वय वजा करून कमाल ठोके ठरवतात. तुमच्यासाठी ते १८५ येतात. २००१ मध्ये मांडल्या गेलेल्या दुसऱ्या सूत्राने, म्हणजे २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा केल्यास, साधारण १८३ किंवा १८४ येतात. तुमच्या वयाला फरक किरकोळ आहे, पण दोन्ही सूत्रे मोठ्या गटाची सरासरी सांगतात, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीस ठोक्यांचेही अंतर असू शकते. पट्टा नीट बसल्यावर दोन-तीन आठवडे घाटातल्या सरावाचे आकडे टिपा आणि मगच झोन स्वतःच्या आकड्यांवरून ठरवा.

प्रश्न : पोहताना छातीचा पट्टा भिंतीला पाय मारताच कमरेपर्यंत घसरतो. आणखी आवळू का? — एक वाचक, पणजी

उत्तर : आवळू नका, श्वास अडेल इतका आवळलेला पट्टाही जोरदार उडीत घसरतोच. स्त्रियांचा पोहण्याचा एकसंध पोशाख पट्टा जागेवर धरून ठेवतो, पुरुषांना तो आधार नसतो, म्हणून वर घट्ट जलतरण बनियन घालणे हाच टिकाऊ इलाज आहे. पाण्यात ब्लूटूथ आणि अँट प्लसच्या लहरी काही सेंटिमीटरच जातात, तेव्हा ठोके स्वतःमध्ये साठवून बाहेर आल्यावर घड्याळाकडे पाठवणारा पट्टा लागतो. समुद्राचे खारे पाणी वीज सहज वाहून नेते आणि पट्ट्याच्या आतल्या दोन पट्ट्यांमधला संदेश क्षीण करते; खाडीत किंवा समुद्रात पोहत असाल तर चष्म्याच्या पट्ट्याला, कानशिलापाशी अडकवायचे उजेडावर चालणारे छोटे मापक अधिक उपयोगी पडेल. ते कानशिलाच्या कातडीला टेकलेले हवे, त्याच्याखाली केस येऊ देऊ नका.

प्रश्न : वडिलांचे वय ६३. दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, मेटोप्रोलॉल चालू आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. त्यांच्यासाठी घड्याळ घेतले, वडील कितीही भरभर चालले तरी आकडा ९५ च्या वर जात नाही आणि घड्याळ ‘व्यायाम अपुरा’ असे सांगत राहते. ते आता हट्टाने अधिक जोरात चालू लागले आहेत. अधिक अचूक साधन कोणते घ्यावे? — एक मुलगा, कोल्हापूर

उत्तर : आधी वडिलांना हट्ट सोडायला सांगा, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकर गटातील औषधांचे कामच ठोके आवरून धरण्याचे आहे. व्यायामातही ठोके फारसे वाढू न देणे हा त्यांचा अपेक्षित परिणाम असतो. त्यामुळे ९५ हा आकडा बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. चुकीचे आहे ते घड्याळाने वयावरून ठरवलेले लक्ष्य. तुम्ही कितीही अचूक साधन आणलेत, तरी ते याच चुकीच्या लक्ष्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना पळवत राहील. घड्याळातील ती सूचना आजच बंद करा. ‘ठोके वाढत नाहीत’ म्हणून औषध स्वतःहून कमी करणे किंवा थांबवणे धोक्याचे आहे, हेही त्यांना स्पष्ट सांगा.

बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी व्यायामाचा जोर श्वासावरून आणि जाणवणाऱ्या श्रमावरून ओळखावा. चालताना शेजारच्याशी सलग वाक्य बोलता यावे, पण आरती म्हणायला गेल्यास दम पुरू नये, एवढा वेग त्यांच्यासाठी साधारण पुरेसा असतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजण्याची ६ ते २० अंकांची मोजपट्टी तयार केली आणि हृदयरुग्णांच्या व्यायामात ती जगभर वापरली जाते; तिच्यावर १२-१३ म्हणजे ‘थोडे कष्टाचे’ एवढा जोर. वडिलांसाठी नेमकी मर्यादा त्यांच्या डॉक्टरांनी, गरज वाटल्यास औषध चालू ठेवून केलेल्या स्ट्रेस टेस्टवरून, ठरवून द्यावी. ती मर्यादा मिळाल्यावर ठोक्यांचे घड्याळ पुन्हा उपयोगी पडेल, कारण त्या वेळी आकडा ओलांडू नये हे सांगण्यासाठी ते लागेल.

साधनाबद्दल विचारलेत म्हणून लिहिते. वयानुसार मनगटाची कातडी सैल आणि पातळ होते, घड्याळ कातडीसकट इकडेतिकडे सरकते. त्यांच्यासाठी हलक्या वजनाचे, लहान डायलचे, मोठे अंक दिसणारे घड्याळ आणि मऊ विणलेला पट्टा घ्या. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर घट्ट पट्ट्याने मनगट काळेनिळे पडते का, ते रोज पाहा. ठोके अनियमित पडण्याचा विकार असेल, तर काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत आणि घड्याळावर किंवा बोटांनी मोजलेला आकडा खऱ्या ठोक्यांपेक्षा कमी भरतो. अशांनी घड्याळावरून कोणताही निर्णय घेऊ नये. ज्या वाचकांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी पट्टा किंवा घड्याळ घेण्याआधी त्याची माहितीपुस्तिका आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावी, आणि चुंबक असलेली घड्याळे व त्यांचे चार्जर पेसमेकरच्या जागेपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत.

प्रश्न : छातीच्या पट्ट्याखाली लाल चट्टे उठतात आणि खाज येते. पट्ट्याला वासही येतो. वर्षभरातच तो ठोके चुकवू लागला. कंपनी बदलू का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कंपनी बदलण्याआधी सवय बदलून पाहा, कारण तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. घाम वाळला की त्यातले मीठ पट्ट्याच्या धाग्यांत साचते. तेच कातडीला घासते, त्यातच जंतू वाढतात आणि त्यानेच वीज टिपणाऱ्या पट्ट्या हळूहळू निकामी होतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर ओला पट्टा दोरीवर दोन दिवस टाकूनही वाळत नाही. प्रत्येक व्यायामानंतर मधले यंत्र पट्ट्यापासून काढून पुसून ठेवा, पट्टा नळाखाली धरून चोळून धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली पसरून टाका. पिळू नका, आतले थर सुटतात. यंत्र ओल्या पट्ट्यावरच राहू दिले तर त्याला वाटते की व्यायाम चालूच आहे, आणि त्यातली नाण्याएवढी बॅटरी लवकर संपते. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवा, पण कपडे मऊ करणारे द्रव आणि ब्लीच त्याला लावू नका. साबण पूर्ण निघाला नाही तर त्यानेही खाज येते.

चट्टे कुठे उठतात ते आरशात पाहा. पट्ट्याच्या कडांनी दोन समांतर रेघा उठत असतील तर पट्टा सरकतो आहे किंवा गरजेपेक्षा आवळला आहे. एक बोट सहज, दुसरे थोड्या जोराने आत जाईल एवढाच तो घट्ट हवा. चट्टे नेमके काळ्या रबरी भागाखालीच उठत असतील, तर त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असू शकते. मग पट्टा पंधरा दिवस बंद ठेवा, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि दरम्यान दंडावरचा कापडी पट्टा वापरा.

ठोके चुकण्याविषयी म्हणाल, तर पट्टा टेबलावर नव्या पट्ट्याशेजारी ठेवून त्याची लांबी ताडून पाहा. नव्यापेक्षा दोन-तीन बोटे लांब भरला तर इलॅस्टिकचा ताण गेला आहे. बहुतेक चांगल्या कंपन्या यंत्र न देता नुसता पट्टा वेगळा विकतात. तो घ्या, यंत्रात नवी बॅटरी घाला, आणि घेताना तुमचे माप पुन्हा मोजून घ्या, कारण वर्षभराच्या व्यायामात ते बदलले असण्याची शक्यता आहे.